मोटारीला लागलेली हळद

आमच्या घरी मोटार आली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि जगातलं बहुतेक सगळं मला कळत होतं. एकोणीसशे तीस उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. नाशकातल्या एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवायचो. वडील वकिली करायचे. देवळालीच्या छावणीतला एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने आपली जुनी, कापडी टपाची मोटार वडिलांच्या गळ्यात मारली. वडिलांना ती नको होती, पण मी इतका मागे लागलो की शेवटी ते कंटाळले. ड्रायव्हर ठेवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, उष्णतेचे नियम मी वर्गभर पोरांना शिकवतो, मला मोटार हाकायला माणूस कशाला हवा?

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. इंजिन चालू होत नसेल तर त्याची कारणं इतकी, धूर येत असेल तर इतकी, आणि तापत असेल तर सात. ती सातही कारणं मला क्रमाने पाठ होती. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी ती कुणी न विचारता सांगत असे. लोक ऐकून घेत, कारण अधूनमधून त्यांना मोटारीतून फिरायला मिळे.

हे सगळं मी लांबण लावून सांगतो आहे याचं कारण उघड आहे. पुढचं सांगायची लाज वाटते. इतकी वर्षं झाली तरी वाटते.

भद्रकालीपाशी त्र्यंबकला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी उभ्या राहत. तिथे एक वयस्क मुसलमान ड्रायव्हर होता, त्याला सगळे चाचा म्हणत. इंजिनाच्या पुढे पाण्याची जी जाळीदार टाकी असते, जिला रेडिएटर म्हणतात, तिच्या खालच्या कोपऱ्यात ओलसर डाग बघून तो एकदा मला म्हणाला, "मास्तर, हा जोड कमजोर झाला. उन्हाळ्यात दगा देईल. कथलाचा डाख मारून घ्या. आणि रस्त्यात अडलात तर पाण्यात चिमूटभर हळद टाका. भोक बुजतं."

मी हसलो. पुस्तकात हळदीचा उल्लेख नव्हता. "चाचा, मोटारीला पडसं झालंय का, हळद-दूध पाजायला?" असं काहीतरी बोललो. तिथल्या चार जणांना हसू आलं आणि मला फार बरं वाटलं. चाचाने मनावर घेतलं नाही. घरीही मी हा विनोद सगळ्यांना आठवडाभर ऐकवत होतो. डाख मारून घ्यायचं मात्र लग्नाच्या गडबडीत राहूनच गेलं.

लग्न माझ्या धाकट्या भावाचं होतं. तो कचेरीत कारकून होता, स्वभावाने मवाळ, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. मुलगी सिन्नरची, एका शाळामास्तरांची, सतरा वर्षांची. लग्न सिन्नरला होतं, भर मे महिन्यात. आमच्याकडे आधी नवऱ्याला हळद लावतात आणि त्याच्या अंगाला लागून उरलेली हळद नवरीकडे पाठवतात. ती उष्टी हळद. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ठरलं असं की, लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी नाशकात भावाला हळद लावायची, उष्टी हळद मोटारीने पुढे पाठवायची, आणि बाकीचं वऱ्हाड दुपारनंतर भाड्याच्या मोटारींनी निघून सीमांतपूजनाला पोचायचं. हळद नेण्याचं काम मी मागून घेतलं. मोटारीचा एवढा मान दुसऱ्या कुठल्या कामात नव्हता.

मोटारीत आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको आणि माझी आत्या. दोघी सवाष्णी, म्हणून त्या हळदीबरोबर. हळदीची चांदीची वाटी खणाने झाकून आईने बायकोच्या हातात दिली आणि बजावलं, "ही मांडीवरून हलवायची नाही. तिकडे पोर उपाशी बसली असेल." बायकोने मान डोलावली. आत्या मागे हिरव्या साडीची आणि नारळांची परडी घेऊन बसली. निघताना मी भोंगा दोनदा जास्तच वाजवला.

चेहेडीला दारणा ओलांडली, पळसे गेलं, शिंदे गेलं. ऊन असं होतं की टपाखालीसुद्धा डोळे उघडवत नव्हते. मोहदरीचा घाट समोर दिसायला लागला आणि रेडिएटरच्या झाकणातून वाफ निघाली. आधी थोडी, मग शिट्टी वाजावी तशी. मी मोटार रस्त्याच्या कडेला घेतली.

"काय झालं रे?" आत्याने विचारलं.

"काही नाही. उन्हाळ्यात इंजिन तापतंच. पाच मिनिटांत निघू."

रस्त्यापासून थोड्या अंतरावर भाजीचा मळा होता, विहीर होती, आंब्याखाली एक खोपटं होतं. आत्याला उन्हाचा त्रास व्हायला लागला म्हणून मी तिला तिथे बसवून आलो. मळ्यातल्या बाईने तिला पाणी दिलं, घोंगडी अंथरून दिली. बायको वाटी घेऊन मोटारीतच बसून राहिली, कारण आईने वाटी हलवू नको म्हणून सांगितलं होतं.

मग माझी परीक्षा सुरू झाली. पुस्तक मी बरोबर घेतलं होतं, पण ते उघडलं नाही, सगळं पाठच होतं. पहिलं कारण, पाणी कमी असणं. झाकणावर फडकं टाकून, चेहरा बाजूला करून मी ते सावकाश सैल केलं, वाफ जाऊ दिली, इंजिन निवेपर्यंत थांबलो, मग डब्यातलं पाणी ओतलं. दुसरं, पंख्याचा पट्टा सैल असणं. तो थोडा सैल होता, मी ताणून बसवला. तिसरं, ठिणगी उशिरा पडणं. त्या मोटारींना सुकाणूखाली ठिणगीचा एक दांडा असे, तो मागे राहिला तर इंजिन फुकट तापे. मी तो पुढे सारला. मोटार चालू केली, कसेबसे दोनशे हात गेलो, पुन्हा वाफ. तसाच मागे, मळ्यापाशी आलो.

"अहो, खाली पाणी पडतंय," बायको म्हणाली.

"उकळलं की सांडणारच. चुलीवर बघत नाहीस का?"

चौथं कारण, ब्रेक घासत असणं. मी चारही चाकांना हात लावून पाहिला. पाचवं, रबरी नळी आतून चिकटणं. नळी दाबून पाहिली. सहावं, तेल. तेल भरपूर होतं. एव्हाना माझा सदरा अंगाला चिकटला होता, हात काळे झाले होते आणि सूर्य डोक्यावर आला होता. सातवं कारण, रेडिएटरची गळती. पुस्तकात ते शेवटी दिलं होतं म्हणून मी ते शेवटी पाहिलं. चाचाने दाखवलेला तोच जोड. तिथून शेवईसारखी बारीक धार लागली होती आणि बायकोने सांगितल्याला तासभर होऊन गेला होता.

विहिरीवरून मी दोन बादल्या पाणी आणून ओतलं. वर भरावं तेवढं खालून जात होतं. रुमाल फाडून चिंधी कोंबली, ती वाहून गेली. धुण्याचा साबण मळ्यातून आणून चोपडला, तो गरम धातूवर वितळला. तिकडे सिन्नरला एक मुलगी सकाळपासून उपाशी बसली होती, घरभर बायका दाराकडे डोळे लावून होत्या, आणि इकडे शास्त्राचा मास्तर मोटारीखाली उताणा पडला होता. त्या क्षणी मला चाचाची चिमूटभर हळद आठवली.

"वाटी दे जरा," मी बायकोला म्हटलं.

"कशाला?"

"चिमूटभर हवी."

"अहो, ही उष्टी हळद आहे."

"म्हणूनच तर चिमूटभर म्हणतोय. एवढीशी घेतली तर कुणाला कळणार आहे?"

तिने वाटी घट्ट धरली होती, एवढं मला नक्की आठवतं. मी ती तिच्या हातातून घेतली. ओढून घेतली असं म्हणणं जास्त खरं होईल. एक चिमूट पाण्यात कालवून टाकली, इंजिन चालू केलं. धार थोडी बारीक झाली. मला हुरूप आला. आणखी एक चिमूट. मग चमचाभर. मग वाटलं, आता अर्धवट सोडण्यात काय अर्थ? धार थेंबांवर आली होती. मी वाटी विसळून उरलंसुरलं सगळं ओतलं. थेंब थांबले. चाचाचं औषध लागू पडलं होतं आणि मी, खोटं कशाला सांगू, आनंदाने टाळी वाजवली. वर्गात एखादा प्रयोग जमला की वाजवायचो तशीच.

बायको रिकाम्या वाटीकडे बघत होती. "आता?" ती म्हणाली.

"आता काय, मळ्यात हळद असेलच की."

बोलून गेलो आणि माझाच चेहरा उतरला. मळ्यात हळद होती तर ती आधी मागून मोटारीत घालायला काय झालं होतं? पाणी मागितलं, साबण मागितला, हळद मागितली नाही. याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. हळद मागायची तर कशाला ते सांगावं लागलं असतं. आत्या तिथेच बसली होती. मी इतके दिवस जिची टवाळी केली ती हळद मला मोटारीत घालावी लागते आहे, हे तिला कळलं असतं आणि तिच्याकडून साऱ्या वऱ्हाडाला. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी भावाची हळद मोटारीला लावून मोकळा झालो.

आत्याचा डोळा लागला होता. बायको खोपटात गेली. मळ्यातली बाई तिला म्हणाली, "पूड नाय बगा. हळकुंडं हायेत. वाटून देते की, बसा." लग्नाचं काम आहे म्हटल्यावर ती हसली. "मंग तर लय चांगलं झालं. लगनाला उपेगी पडली माझी हळद." मी रस्त्यावरून भोंगा वाजवत होतो. बायको भरलेली वाटी घेऊन धावतच आली. वरून खण नीट झाकला. आत्याला उठवलं, मोटारीत बसवलं. घाट चढेपर्यंत मी झाकणाकडे बघत होतो. वाफेचा मागमूस नव्हता.

घाटमाथ्यावर थोडं थांबलो तेव्हा आत्या खाली उतरून पाय मोकळे करत होती. तेवढ्यात मी बायकोला हळूच म्हटलं, "हे कुणाला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." माझा शपथेवर काडीचा विश्वास नव्हता. तिचा होता, आणि तो आहे हे ठाऊक असल्यामुळेच मी ती घातली.

सिन्नरला पोचायला दोन वाजून गेले. कुणी रागावलं नाही. उलट मुलीचे वडील धावत पुढे आले, मला पायांवर पाणी दिलं, पन्हं दिलं, उन्हात किती त्रास झाला म्हणून हळहळले. वाटी आत गेली. थोड्या वेळाने बायकांची गाणी ऐकू यायला लागली. मी मांडवात बसून मुलीच्या वडिलांना उष्णतेने धातू कसा प्रसरण पावतो ते सांगितलं. माझ्या मनाला काही टोचत होतं असं आज लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. हळद ती हळद, कुणाच्या अंगाला लागलेली असो वा नसो, असं माझं मत होतं आणि त्या मतात मी अगदी सुखी होतो.

लग्न पार पडलं. नवी सून घरी आली. कामाला चलाख, बोलायला कमी, भावाला आवडलेली. आईलाही ती आवडली होती, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. आषाढात भावाला ताप आला. तो विषमज्वर निघाला. चाळीस दिवस तो अंथरुणावर होता, त्यातले आठ दिवस आम्ही त्याची आशाच सोडली होती. तो वाचला, पण उठला तेव्हा हाडांचा सापळा झालेला, आणि कचेरीतली जागा दुसऱ्याला दिलेली. त्याच पावसाळ्यात आमची दुभती गाय गेली. आत्या एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "नव्या सुनेचा पायगुण म्हणायचा, दुसरं काय." आईने त्या वेळी नुसती तव्यावरची पोळी उलटली. पण ते तिच्या मनात शिरलं. दोन महिन्यांत तीच तसं बोलायला लागली.

त्या पोरीने चाळीस दिवस नवऱ्याच्या उशाशी बसून काढले होते. तो हिंडूफिरू लागल्यावर गौरी-गणपतीसाठी म्हणून तिला माहेरी पाठवलं आणि परत आणायला कुणी गेलं नाही. "त्याची प्रकृती सावरू दे, मग बघू," आई म्हणायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. भाऊ आईपुढे तोंड उघडत नव्हता. वडील पक्षकारांसाठी तासन् तास भांडत, घरात मात्र मूग गिळून बसत.

बायको मला म्हणाली, "आता तरी सांगा. दोष कुणाला तरी द्यायचाच असेल तर तो आपल्याला देऊ दे. हळदच बदलली होती म्हटल्यावर तिच्या पायगुणाचं काय उरतं?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. आईचा राग माझ्यावर निघाला असता, आठ दिवस अबोला झाला असता, जोश्यांना बोलावून काही शांत वगैरे केली असती, आणि ती पोर घरी आली असती. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "एका खुळचट समजुतीला दुसरी खुळचट समजूत कशाला जोडायची? हळदीने ताप येतो, हे मी माझ्या तोंडाने कबूल करू?" हे मी इतक्या तावातावाने म्हणालो की ते मला तत्त्वासारखं वाटलं. भित्रेपणाला एवढं चांगलं नाव मिळाल्यावर तो सोडवत नाही. आईसमोर, आत्यासमोर, ज्या लोकांना मी अडाणी समजत होतो त्यांच्यासमोर लबाड ठरायची माझी तयारी नव्हती. बाकी सगळं बोलायपुरतं.

मधल्या काळात मोटार पुन्हा तापायला लागली, आधीपेक्षा जास्त. या वेळी मी सात कारणं मोजत बसलो नाही, सरळ चाचाकडे घेऊन गेलो. त्याने रेडिएटर उतरवून नळ्यांत तार घातली. आतून पिवळा रबरबीत गाळ निघाला, ओंजळभर. चाचा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला. "मास्तर, चिमूट बोललो होतो मी," तो म्हणाला. "हे तर आख्ख्या शादीची हळद घातली तुम्ही." तो थट्टेने बोलला होता. मला हसता आलं नाही, आणि एरवी त्याच्याशी वाद घालणारा मी मान खाली घालून उभा राहिलो. तिथे मला प्रथम लाज वाटली. पण घरी जाऊन सांगावं एवढी नाही वाटली.

असं करत लग्नाला दीड वर्ष झालं. भावाला दुसरी नोकरी लागली, तो धडधाकट झाला, तरी आई सुनेचं नाव काढीना. दुसऱ्या दिवाळीनंतर सिन्नरहून मास्तरांचं पत्र आलं. मुलीला केव्हा आणून पोचवू, एवढंच त्यांनी चार ओळींत अतिशय नम्रपणे विचारलं होतं. आईने ते वाचून घेतलं आणि फडताळात ठेवून दिलं. उत्तर पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा आई माजघरात खांबाला टेकून बसली होती. बायको तिच्यासमोर, पुढ्यात तांदळाचं सूप. दोघींच्या चेहऱ्यांवरून मला कळलं. बायकोने सांगून टाकलं होतं. शपथ मोडली तर माझ्या जिवाला काही होईल, असं तिला खरोखर वाटत होतं. पुढे वर्षभर मला साधी शिंक आली तरी तिचा हात थांबायचा आणि ती माझ्याकडे बघत राहायची. जिचा विश्वास होता तिने तो धोका पत्करला. मला तर कशाचीच भीती नव्हती, आणि मी गप्प होतो.

मला वाटलं होतं आई ओरडेल. ती ओरडली नाही. "तू एवढा शिकलेला," ती म्हणाली. "एक वाक्य बोलायला तुला काय झालं होतं? वर्षभर मी त्या पोरीला पांढऱ्या पायाची म्हणते आहे आणि तू माझ्या पंक्तीला बसून ऐकतो आहेस. माझ्या हातून पाप करवलंस रे."

मला काहीतरी पटण्याजोगं बोलायचं होतं. बोलायला गेलो आणि हळदीचा आणि तापाचा काही संबंध नसतो, असं पुटपुटलो. आईने माझ्याकडे पाहिलं. "नसतो ना? मग तिला आण म्हणून एकदा तरी भांडला होतास का माझ्याशी?"

खरं म्हणजे सगळा हिशेब तिथेच संपला होता. पायगुण खोटा असं मी मानत होतो, तर ते ठणकावून सांगायला हळदीची कबुलीसुद्धा लागत नव्हती. मी तेही केलं नव्हतं, कारण विषय निघाला असता तर तो हळदीपर्यंत गेला असता.

आई दुसऱ्याच दिवशी सिन्नरला गेली. मोटार मीच चालवली, ती मागे बसली आणि वाटेत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिथे तिने मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला हात जोडले. "आमचं चुकलं, मुलीला न्यायला आले," एवढंच म्हणाली. मला वाचवण्यासाठी कारण सांगितलं नाही, की मुलीच्या मनाला लागू नये म्हणून, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

घरी आल्यावर आईने ठरवलं की राहिलेलं पुरं करायचं. शुक्रवारी सकाळी घरातल्या घरात भावाला हळद लावली, तो लाजून हसत होता. त्याच वाटीतली उरलेली हळद माजघरात पाटावर बसलेल्या त्याच्या बायकोला लावायला घेतली. आई, आत्या आणि माझी बायको, तिघीच होत्या. धाकट्या सुनेला एवढंच सांगितलं होतं की आमच्याकडून लग्नात एक गोष्ट राहून गेली होती. मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. दार उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

आईने तिच्या पायांना, मग हातांना, मग गालांना हळद लावली असावी. मग तिचा आवाज आला, जरा नवल वाटल्यासारखा.

"ही झोंबत नाही."

"हळद कशी झोंबेल गं?" आत्या म्हणाली.

"तेव्हाची फार झोंबली होती. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. दोन दिवस अंगाची नुसती आग होत होती. मला वाटलं, उष्टी हळद अशीच असते. सासरची आहे, सोसायची असते. म्हणून बोलले नाही."

मळ्यातल्या पाट्यावर रोज मिरचीच वाटत असणार. तो धुऊन घ्यायला माझ्या भोंग्याने वेळ दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी अंतरपाट दूर झाला तेव्हा तिचा चेहरा लालबुंद दिसत होता आणि डोळे भरलेले होते. मी तो जवळून पाहिला होता. लाजते आहे, असं मी बायकोला म्हणालो होतो.

मग बायकोने मान वळवून उंबऱ्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती, हे मला स्पष्ट कळलं. चार पावलं आत जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. माजघरात बायकांचा कार्यक्रम चाललाय, आपण पुरुषमाणूस मध्येच कसं जायचं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि वर्तमानपत्र वर धरून वाचत राहिलो.